सैन्यातील बँडमास्टर : काम, शिक्षण आणि बढती यांबद्दल माहिती हवी आहे

वर्धाकाठ (आर्वी तालुका)

नमस्कार. माझा भाचा सतरा वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण आहे आणि सध्या अकरावीत शिकतो. आमचे भाऊजी लगीनसराईत बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवतात आणि उरलेल्या दिवसांत थोडी कोरडवाहू शेती पाहतात. पोरगा लहानपणापासून त्यांच्यासोबत वरातीत उभा राहत आला आहे, त्यामुळे त्याचा हात चांगला बसला आहे. एखादे गाणे दोनदा कानावरून गेले की तिसऱ्यांदा तो ते वाजवूनच दाखवतो. मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या एका मुलाच्या कसम परेडसाठी आम्ही कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरला गेलो होतो. सगळे पाहुणे रांगेतून आपापला जवान शोधत होते आणि हा मात्र शेवटपर्यंत बँडकडेच पाहत राहिला. तेव्हापासून सैन्याच्या बँडमध्ये भरती व्हायचे आणि पुढे बँडमास्टर व्हायचे, हेच त्याच्या डोक्यात आहे.

भाऊजींचा याला ठाम विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की, गावात वाजंत्र्याला वरातीच्या पुढे चालवतात आणि पंगतीला सगळ्यांच्या मागून बसवतात. पोराने या धंद्यातून बाहेर पडावे म्हणून त्याला शिकवले, तर त्याने फौजेत जाऊनही पुन्हा बँडच वाजवावा काय? त्यांनी जे सोसले ते मी पाहिले आहे, त्यामुळे त्यांना नुसते 'देशसेवा आहे' असे सांगून भागणार नाही. बँडमास्टर नेमके काय काम करतो, त्याला सैनिक समजतात की नुसता वादक, त्या पदापर्यंत पोचण्याचा मार्ग कोणता, आणि ज्या मुलाला नोटेशनची, म्हणजे कागदावर लिहिलेल्या स्वरांची, एक ओळही वाचता येत नाही त्याला तिथे जागा आहे का, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना युफोनियम (निवृत्त, भंडारा जिल्हा)

वर्धाकाठ भाऊ, मी महार रेजिमेंटच्या सागर येथील केंद्राच्या बँडमध्ये युफोनियम हे मोठे पितळी फुंकवाद्य वाजवत होतो आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. जे लिहितो ते रांगेत उभे राहून पाहिलेले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. परेडमध्ये सर्वांच्या पुढे, हातात चांदीच्या मुठीचा लांब दंड घेऊन जो उंचापुरा जवान चालतो, त्यालाच पाहुणे मंडळी बँडमास्टर समजतात. तो ड्रम मेजर असतो. बँडने केव्हा निघावे, केव्हा वळावे, केव्हा थांबावे हे तो दंडाच्या खुणांनी सांगतो. ज्या पथकात बॅगपाइप असतात, तिथे सुरांची जबाबदारी पाइप मेजरकडे असते. बँडमास्टर हा क्लॅरनेट, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा अशा सगळ्या वाद्यांच्या बँडचा प्रमुख असतो आणि त्याचे खरे काम परेड सुरू होण्याच्या कितीतरी आधी, टेबलावर होते. कोणत्या कार्यक्रमाला कोणती धून वाजणार हे ठरवणे, ती धून आपल्याकडे असलेल्या वाद्यांना बसेल अशी नव्याने लिहिणे, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करणे, मग तालमीत तीस-चाळीस माणसांकडून ती एका श्वासात काढून घेणे आणि त्यासोबत नव्या पोरांना शिकवणे, वाद्यांची दुरुस्ती आणि हिशेब पाहणे, हे सगळे त्याच्याकडे असते. आमचे बँडमास्टर साहेब रात्री बराकीत दिवा लावून कागद लिहीत बसत, आणि सकाळच्या तालमीत एखाद्याने एक स्वर चुकवला तर कागद न पाहता त्याला कितव्या मापात चूक झाली ते सांगत.

या कामात चुकीला किती कमी जागा असते, ते राष्ट्रगीताच्या उदाहरणाने सांगतो. बँड राष्ट्रगीत वाजवतो तेव्हा त्याआधी ढोलांचा गजर होतो. तो संथ चालीच्या सात पावलांइतका असावा, हळू आवाजात सुरू होऊन शक्य तितका चढावा आणि पुन्हा उतरत सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहावा, मग एका ठोक्याची विश्रांती आणि त्यानंतर राष्ट्रगीत, असा शासनाचा लेखी नियम आहे. संपूर्ण राष्ट्रगीताला साधारण 52 सेकंद लागतात आणि संक्षिप्त आवृत्तीला 20. समोर राज्यपाल उभे असोत की गावचे सरपंच, हे माप बदलत नाही. साधी जलद चालसुद्धा मिनिटाला सुमारे 120 पावलांची असते आणि मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो. बँडमास्टरच्या हाताने लय किंचित जरी ओढली तरी मागची अख्खी पलटण अडखळते. लाइट इन्फंट्री आणि रायफल पलटणींची चाल तर याहूनही जलद असते.

आता भाऊजींच्या प्रश्नाबद्दल. बँडचा जवान आधी सैनिक असतो. त्याला मूलभूत प्रशिक्षण, कवायत, रायफल, दौड हे सगळे इतरांसारखेच करावे लागते आणि पुढेही नेमबाजीपासून सुटका नसते. युद्धाच्या काळात वाद्ये कोठारात जातात आणि बँडची माणसे जखमींना स्ट्रेचरवरून मागे आणण्याच्या कामाला लागतात. त्यासाठी प्रथमोपचाराचे शिक्षण दिलेले असते. त्याच मेसमध्ये, त्याच पंगतीत तो जेवतो. ही शेवटची गोष्ट भाऊजींना मुद्दाम सांगा.

मार्ग असा आहे की, भरती झाल्यावर वादक म्हणून पलटणीच्या किंवा केंद्राच्या बँडमध्ये काही वर्षे काढायची, नाईक, हवालदार अशा पायऱ्या चढायच्या आणि या काळात ज्याची वाचनाची तयारी, कान आणि शिस्त दिसून येते त्याला वरच्या प्रशिक्षणासाठी पचमढीला पाठवले जाते. आपल्याकडच्या लोकांना पचमढी ठाऊक आहे ती नागपंचमीच्या नागद्वार यात्रेमुळे आणि चौरागडावर त्रिशूळ वाहायला जाणाऱ्या महादेवाच्या भक्तांमुळे. पण त्याच डोंगरावर सैन्याच्या शिक्षण विभागाच्या केंद्रात लष्करी संगीताची शाळा आहे. ती 1950 साली, जनरल करिअप्पा सरसेनापती असताना सुरू झाली. तिथे स्वररचना, वाद्यमेळाचे लेखन, दंडिका हाती घेऊन बँड चालवणे आणि वेगवेगळ्या गटांतल्या वाद्यांची ओळख, असे सगळे शिकवतात. हा मोठा अभ्यासक्रम पार पडला, बँडमध्ये जागा रिकामी असली आणि वरिष्ठतेचा क्रम लागला, की मनुष्य बँडमास्टर होतो. त्याच्या खांद्यावर बहुधा नायब सुभेदार किंवा सुभेदार अशी कनिष्ठ अधिकाऱ्याची निशाणी असते.

एक कटू गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. एका बँडला एकच बँडमास्टर असतो. त्यामुळे उत्तम वाजवणारे कितीतरी जण हवालदार म्हणूनच घरी येतात. मी स्वतः बँडमास्टर झालो नाही. भाच्याला वाजवण्यात आनंद असेल तर त्याने जावे. केवळ ते पद डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नये.

राखीव बल, अमरावती

वरील माहितीला एक जोड देतो. मी राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमध्ये आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या जाहिरातीत बँड्समनची पदे वेगळी दाखवलेली असतात, आणि शिपाई पदाला बारावी लागते तिथे या पदाला दहावी चालते. शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षा द्यावीच लागते, त्याखेरीज वाद्य वाजवून दाखवावे लागते. लग्नाच्या बँडमधून आलेली मुले आमच्याकडे बरीच आहेत आणि त्यांची फुंक तयार असते, कारण पाच-सहा तास वरातीत वाजवणे ही काही सोपी मेहनत नव्हे. मात्र त्यांची एक खोड मोडायला फार वेळ लागतो. वरातीत ज्याला जे सुचेल ते तो मध्येच भरतो आणि लोक त्यालाच दाद देतात; इथे ती हरकत ऐकू आली की तालीम थांबते.

घराजवळ राहून नोकरी करायची असेल तर हा पर्याय सैन्याइतकाच विचारात घ्यावा.

संगीत शिक्षिका, यवतमाळ

जुना युफोनियम काकांनी लिहिलेले वाचून एका माणसाची आठवण झाली, कारण बँडवाला 'खरा सैनिक' असतो का, या प्रश्नाचे त्यांच्याइतके चांगले उत्तर मला तरी ठाऊक नाही. रामसिंह ठाकुरी यांचा जन्म 15 ऑगस्ट 1914 रोजी धर्मशाळेजवळच्या खनियारा गावी झाला. पोरवयातच ते गोरखा रायफल्समध्ये दाखल झाले आणि पलटणीच्या बँडमध्ये तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले आणि तिथून आझाद हिंद सेनेत गेले. 'कदम कदम बढ़ाए जा' ही चाल त्यांची. आझाद हिंद सरकारच्या 'शुभ सुख चैन' या गीतालाही त्यांनीच संगीत दिले. पुढे त्यांनी उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलाचा, म्हणजे पीएसीचा बँड लखनौमध्ये उभा केला आणि 2002 साली ते वारले. ज्या चालीवर आज आपली सेना चालते, ती एका बँडच्या माणसाने युद्धकाळात, स्वतः सैनिक असताना बांधली आहे. अमरावतीच्या भाऊंनी पोलीस बँडचा पर्याय सांगितला आहे, म्हणून हेही लक्षात आणून देते की, रामसिंहांची नंतरची सगळी कारकीर्द पोलीस बँडमध्येच गेली.

लष्करी संगीताची वेगळी शाळा मुळात का लागली, याचीही कथा मजेदार आहे. ब्रिटिश पलटणींचे बँड पूर्वी त्या त्या पलटणीचे अधिकारी स्वतःच्या खर्चाने ठेवत आणि बँडमास्टर म्हणून बहुधा जर्मन किंवा इटालियन माणूस पगारी नेमत. 1854 साली क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाचे संचलन झाले. तिथे सगळ्या बँडांनी एकाच वेळी राष्ट्रगीत सुरू केले आणि ते वेगवेगळ्या पट्टीत, वेगवेगळ्या मांडणीत ऐकू आले. मित्रराष्ट्रांच्या सेनापतींसमोर अशी फजिती झाल्यावर 1857 साली लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली.

वर्धाकाठ (आर्वी तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काकांचे उत्तर मी भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवले. पंगतीचे वाक्य आल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले, मात्र होकार अजून दिलेला नाही.

नोटेशनबद्दल थोडे विस्ताराने सांगावे. पोरगा म्हणतो की, मी ऐकून वाजवू शकतो तर मला कागदाची गरजच काय? शिवाय ताईंनी पट्टीचा जो प्रकार सांगितला तो आम्हाला नीट समजला नाही. सगळे एकच गाणे वाजवत असताना पट्टी वेगळी कशी होते?

जुना युफोनियम (निवृत्त, भंडारा जिल्हा)

पोराला पेटी जवळ घेऊन बसवा, म्हणजे लगेच कळेल. बँडमधली सगळी वाद्ये एका पट्टीत बनवलेली नसतात. कागदावर 'सी' लिहिलेला असेल आणि तो त्याने आपल्या बी-फ्लॅट क्लॅरनेटवर वाजवला, तर पेटीवरची काळी पाच ऐकू येते. तोच 'सी' शेजारच्या ऑल्टो सॅक्सोफोनने वाजवला तर काळी दोन निघते आणि फ्रेंच हॉर्नने वाजवला तर पांढरी चार. बासरीवर मात्र 'सी' म्हणजे पांढरी एकच. सगळ्यांना एकच कागद वाटला तर काय ऐकू येईल, ते ताईंच्या स्कुटारीच्या गोष्टीवरून ताडावे.

म्हणून समजा धून काळी पाचच्या पट्टीत, म्हणजे बी-फ्लॅटमध्ये वाजवायची आहे, तर बँडमास्टर बासरी आणि ट्रॉम्बोनला बी-फ्लॅटमध्येच लिहितो, क्लॅरनेट आणि ट्रम्पेटला 'सी'मध्ये, हॉर्नला 'एफ'मध्ये आणि ऑल्टो सॅक्सोफोनला 'जी'मध्ये लिहितो. तालमीच्या वेळी त्याच्यासमोर जो मोठा कागद असतो त्यावर या सगळ्या ओळी एकाखाली एक असतात आणि त्या सर्व त्याला एकाच वेळी डोळ्याने ऐकाव्या लागतात. यापुढची गोष्ट अशी की, प्रत्येक जण मूळ धून वाजवत नसतो. हॉर्नवाला ठोक्यांच्या मधल्या जागा भरतो, युफोनियम बहुतेक वेळा धुनीला उलट उत्तर देत चालतो आणि ट्यूबा पाया धरतो. माझ्या कागदावर जे होते ते एकट्याने वाजवले तर कोणाला गाणे ओळखूही आले नसते. असा भाग ऐकून कसा उचलणार? जी गोष्ट अजून वाजलेलीच नाही ती कानाला सापडत नाही, त्यासाठी कागदच लागतो.

तरी त्याचा कान ही मोठी ठेव आहे, ती कमी लेखू नका. हिवाळ्याच्या पहाटे धातूचे वाद्य गार असते आणि सूर उतरलेला असतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तेच वाद्य चढते. तोंडाशी नळी किती आत-बाहेर सरकवायची, ओठ किती आवळायचे, हे कागद सांगत नाही. ज्याचा कान तयार असतो तो दोन-चार स्वरांतच स्वतःला शेजाऱ्याशी मिळवून घेतो, ज्याचा नसतो त्याला बँडमास्टर वर्षानुवर्षे ओरडत राहतो.

आणखी एक. त्याचे क्लॅरनेट जुन्या अल्बर्ट पद्धतीच्या बोटमांडणीचे आहे की बोएम पद्धतीचे, ते पाहून घ्या. लग्नाच्या बँडांत जुनी वाद्ये अजून टिकून आहेत आणि लष्करी बँडमध्ये बोएम पद्धतच चालते. बोटे बदलायला त्रास होतो, म्हणून लवकर सुरुवात केलेली बरी. तोंडाशी बसवायची पत्ती (रीड) देखील तो वरातीत वापरतो तितकी कडक नको. वरातीत नुसता आवाज फेकायचा असतो, इथे मऊ वाजवता आले पाहिजे.

संगीत शिक्षिका, यवतमाळ

वाचन शिकण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. नागपुरात चर्चच्या वाद्यवृंदांशी संबंधित पाश्चात्त्य संगीताचे शिक्षक मिळतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या लेखी परीक्षांचे आठ टप्पे आहेत. त्यांतले पहिले दोन-तीन पार केले तरी निवड चाचणीत आणि पुढच्या प्रशिक्षणात त्याचा उपयोग होईल. रोज अर्धा तास, वाद्य बाजूला ठेवून, नुसती टाळी देत लय वाचण्याचा सराव करावा. कानावर वाजवणारी मुले स्वर लवकर वाचू लागतात, पण मात्रा मोजताना अंदाजाने पुढे सरकतात, असे माझ्या विद्यार्थ्यांत नेहमी दिसते.

कापूस पट्टा

मंडळी, सगळी चर्चा जुन्या नोकरीची चालली आहे. 2022 पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षे सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होणार, बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी परत. योजना जाहीर झाली तेव्हा ती रक्कम 11.71 लाख सांगितली होती आणि चार वर्षांच्या सेवेला निवृत्तिवेतन नाही. काकांनी सांगितलेला बँडमास्टरचा रस्ता चार वर्षांत निम्मासुद्धा होत नाही. पोराच्या वडिलांना हे न सांगता होकार घेऊ नका.

जुना युफोनियम (निवृत्त, भंडारा जिल्हा)

कापूस पट्टा यांचे म्हणणे खरे आहे आणि ते भाऊजींसमोर मांडलेच पाहिजे. आमच्या काळी पंधरा वर्षे भरली की जवानाला पेन्शन पक्की, हे गृहीत धरून माणूस पुढचा विचार करत असे. आता चार वर्षांनंतरची चाळणी आधी पार करावी लागते. पण त्यातून दुसरा निष्कर्ष निघतो तो असा की, शिकण्याची सुरुवात भरतीनंतर करून चालणार नाही. जो मुलगा पहिल्याच दिवशी कागद वाचतो आणि दोन वाद्ये वाजवतो, तो चार वर्षांत बँडला नकोसा होण्याची शक्यता कमी असते. आणि बाहेर पडावे लागलेच, तर कवायत, वाचन आणि बँडची शिस्त शिकलेला क्लॅरनेटवाला पोलीस दलाच्या चाचणीत किंवा शाळेच्या बँडचा शिक्षक म्हणून इतरांपेक्षा पुढे असेल. माझ्या तालुक्यातल्या दोन इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे बँड निवृत्त फौजीच चालवतात.

नौदल आणि वायुदल वादकांसाठी वेगळी जाहिरात काढतात, तिकडेही लक्ष ठेवा. दहावी उत्तीर्ण असावे लागते, वाद्य स्वतः सुरात लावता यावे लागते आणि समोरून दिलेला अनोळखी स्वर गळ्याने किंवा वाद्याने जुळवून दाखवावा लागतो. यात कानाने शिकलेली मुले मुळीच मागे पडत नाहीत. नौदलाच्या वादकांचे संगीत प्रशिक्षण मुंबईत, आयएनएस कुंजाली येथे होते. वयाची साडेसतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय अग्निवीर म्हणून घेत नाहीत, म्हणजे तुमच्या भाच्याला तयारीसाठी थोडे महिने हाताशी आहेत. दात आणि कान एकदा आर्वीला दाखवून घ्या. पुढचे दात हलत असतील तर फुंकवाद्य वाजवणाऱ्याला ते फार महागात पडते, आणि ढोलताशांजवळ वर्षे काढलेल्या पोरांचे कान कधी कधी वैद्यकीय तपासणीत कमी भरतात.

वर्धाकाठ (आर्वी तालुका)

काका, वाद्य बोएम पद्धतीचे नाही असे दिसते. छायाचित्र काढून पाठवतो. भाऊजींनी एवढेच म्हटले आहे की बारावी होऊ द्या, तोवर शिकायला त्यांची हरकत नाही. एक प्रश्न राहिला. भाच्याची धाकटी बहीण शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते आणि आता तीही विचारू लागली आहे. मुलींना घेतात का?

राखीव बल, अमरावती

घेतात. नौदल आणि वायुदल या दोघांनीही 2024 च्या वादक भरतीत अविवाहित मुलींचे अर्ज घेतले होते. ती अजून लहान असेल, तर तिला शाळेच्या बँडमध्येच राहू द्या आणि भाऊ नोटेशन शिकायला जाईल तेव्हा तिलाही सोबत पाठवा.